पुस्तकातले पान आणि रानातली चूल

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी मला वाटेत गाठले आणि विचारले, "काय गुरुजी, यंदा वसंत व्याख्यानमालेत स्वयंपाकाचा वर्ग की काय?" त्यांचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. कथाकादंबऱ्यांत वर्णिलेले पदार्थ घरच्या चुलीवर करून पाहण्याचा नाद मला निवृत्तीनंतर लागला, आणि त्या नादापायी वाया गेलेल्या पिठाचा, तेलाचा व गुळाचा हिशेब आमच्या घरात अजूनही अधूनमधून निघत असतो. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते पाककृतींविषयी नव्हे. निदान केवळ पाककृतींविषयी नव्हे. लेखक आपल्याला पदार्थाचे नाव देतो, त्याचा वास देतो, खाणाऱ्याची भूकदेखील देतो. पण तो पदार्थ करावा कसा, हे तो बहुधा सांगत नाही. सांगण्याचे त्याला कारणही नसते. ही गाळलेली जागा वाचकाने स्वतःच्या अकलेने भरावयाची ठरविली म्हणजे काय होते, आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखात ती अक्कल कोणाकडून उसनी आणावी लागते, एवढाच माझा विषय आहे.

हा नाद माझा एकट्याचा नाही. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा चांगला व्यापारही झाला आहे. हॅरी पॉटरच्या गोष्टींतील खाण्यापिण्यावर २०१० साली अख्खे पाकपुस्तक निघाले. त्याहून मला मोलाचे वाटते ते बार्बरा वॉकर ह्या बाईंचे १९७९ सालचे पुस्तक. लॉरा इंगल्स वाइल्डर ह्यांनी अमेरिकेतील नव्या वसाहतींमधल्या आपल्या बालपणावर ज्या कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतले पदार्थ वॉकरबाईंनी खरोखर रांधून पाहिले. त्यांपैकी 'द लाँग विंटर' ह्या १९४० सालच्या कादंबरीत बर्फामुळे आगगाड्या बंद पडतात, गावातले पीठ संपते, आणि घरातली मंडळी कॉफीच्या लहानशा चक्कीत दिवसभर गहू दळून त्याचा पाव करून खातात. वॉकरबाईंनीही कॉफीच्या चक्कीत गहू दळले. पाव कसा झाला ह्यापेक्षा, तो खाण्यापूर्वी हात किती दुखतात, हे कळले पाहिजे, असा त्यामागचा विचार दिसतो.

उलट गोष्ट टर्किश डिलाइटची. सी. एस. लुइस ह्यांच्या १९५० सालच्या कादंबरीत एडमंड नावाचा मुलगा ह्या मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांशी दगा करतो. ते वाचून कित्येक मुलांनी ती मिठाई हट्टाने मिळविली, आणि तोंडात घातल्यावर त्यांची तोंडे उतरली. कारण ती म्हणजे साखर व स्टार्च ह्यांची गुलाबपाण्याची मऊ वडी, त्यापलीकडे काही नाही. पण हे पुस्तक निघाले तेव्हा इंग्लंडात साखरेवर शिधापत्रिकेचे नियंत्रण होते, ते १९५३ पर्यंत उठले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे एडमंडचा लोभ समजतो. ती वडी गोड होती त्याहून अधिक ती मिळत नव्हती.

आपल्याकडेही पुस्तकातल्या अन्नाला तोटा नाही. 'सुदाम्याचे पोहे' हे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी लेखसंग्रहाचे नाव आहे, तेथे कोणी पोह्यांची कृती शोधू नये. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये मात्र अळणी भाजीची एक गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते, आणि वडील एक अक्षर न बोलता ती जेवतात. मी एकदा घरी मुद्दाम मिठाशिवाय भाजी करविली आणि कोण काय म्हणतो ते पाहत बसलो. आमच्या नातवाने पहिल्याच घासाला "आजी, मीठ!" म्हणून आरोळी ठोकली, आणि प्रयोग तेथेच संपला.

शबरीच्या बोरांनी मात्र मला पहिला धडा दिला. वाल्मीकींच्या रामायणात शबरी रानातले पदार्थ देऊन रामलक्ष्मणांचे स्वागत करते, पण बोर चाखून देण्याचा प्रसंग तेथे नाही. तो मागाहूनच्या परंपरेने घातला आहे. मला तो लहानपणापासून केवळ भक्तीचा प्रसंग वाटे. पुढे मूलकडच्या रानात एकदा बोरे वेचणाऱ्या बायकांबरोबर हिंडलो, तेव्हा पाहिले की, प्रत्येक झाडाखाली गेल्यावर त्या आधी एक बोर दाताखाली धरतात आणि मग ठरवितात, येथे वेचावयाचे की पुढे जावयाचे. रानबोरीचे एक झाड गोड, तर त्याच्या शेजारचे तुरट आणि तिसरे किडके. रंगावरून काही कळत नाही. ज्याने कोणी शबरीच्या कथेत ही भर घातली त्याने रानात बोरे वेचली असली पाहिजेत, असे मला तेव्हापासून वाटू लागले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. रडयार्ड किपलिंगचे 'जंगल बुक' १८९४ साली आणि त्याचा दुसरा भाग १८९५ साली निघाला. लिहिले अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात बसून, पण रान घेतले आपल्या शिवनीचे. मोगलीच्या त्या रानातून जी नदी वाहते तिचे नाव वैनगंगा आहे. ही वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्यावरून खाली येते, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांच्या मधून सीमेसारखी वाहते, मार्कंड्याच्या देवळांना वळसा घालते आणि पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. म्हणजे शेरखानाने ज्या प्रवाहाचे पाणी प्याले तोच प्रवाह पुढे आपल्या दाराशी येतो.

दुसऱ्या भागातील पहिल्याच कथेत मोठा दुष्काळ पडतो. त्याची चाहूल किपलिंगने कशी दिली आहे? पुढे नदी आटणार आहे, पण ती बातमी मागाहून. आधी तो सांगतो की, बल्लू अस्वलाला प्रिय असलेला मोह त्या वसंतात फुललाच नाही; कळ्या उन्हाने जळून गेल्या. किपलिंगने बल्लूला तपकिरी म्हटले आहे आणि आपल्या रानातले अस्वल काळे असते, ही बारीकशी चूक सोडून देऊ. मोहाची बाब मात्र त्याने अचूक धरली. आपल्याकडील अस्वल मोहावर जीव टाकते, आणि ज्या वर्षी मोह फुलत नाही त्या वर्षी केवळ अस्वलेच उपाशी राहतात असे नाही.

ही कथा नातवाला वाचून दाखवीत असता त्याने विचारले, "आजोबा, मोह लागतो कसा?" चंद्रपूरच्या मुलाने हा प्रश्न विचारावा ह्याची मला लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या एका माणसाकडून ताजी मोहफुले मागविली, पाण्यातून काढली आणि बल्लूची मेजवानी म्हणून वाट्यांत घालून सर्वांसमोर ठेवली. पहिले फूल गोड लागले, दुसरेही लागले. चारपाच खाल्ल्यावर घशात खवखवू लागले, आणि नातवाने उत्साहाने मूठभर खाल्ली होती, त्याला मळमळून आले. आमच्या घरी धान्य निवडावयास सिंदेवाहीकडच्या एक मावशी येत असत, त्या ओट्यावर बसून हा सोहळा पाहत होत्या. मी पुस्तक दाखवून माझी बाजू मांडू लागलो, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "पुस्तकातलं अस्वल खाते न गुरुजी? मंग अस्वलावानी खा. मानसावानी खाचं असन त मले इचारा."

मग विचारले. त्यांनी जे सांगितले व हाताने करून दाखविले, ते असे आहे.

मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. जे खाली पडते ती फुलाची मांसल, पिवळसर पाकळीची वाटी असते. तिच्या आत केसरांचा झुबका असतो. तो काढून टाकावयाचा, कारण खवखव त्यानेच होते. मग फुले उन्हात वाळवावयाची. वाळली की ती तांबूस तपकिरी होतात, मनुकेसारखी सुरकुततात, आणि वर्षभर टिकतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. म्हणून ज्या घरी गूळ परवडत नव्हता त्या घरी मोह हाच गूळ होता. करावयाच्या दिवशी फुले निवडून, दोनतीन पाण्यांतून धुऊन, दोन-अडीच तास भिजत घालावयाची. रात्रभर ठेवू नये. उन्हाळ्याच्या दिवसांत ती आंबू लागतात, आणि मग त्यांचा प्रवास निराळ्या दिशेने सुरू होतो. भिजलेली फुले थोड्या पाण्यात मऊ शिजवून पाट्यावर वाटावी, आणि एक वाटी मोहाला दोन वाट्या कणीक ह्या बेताने, वेगळे पाणी न घालता, मीठ घालून घट्ट मळावी. ह्याच्या पुऱ्या होतात, भाकरीही होते. तळताना आच मंद ठेवावी लागते, कारण आतल्या साखरेमुळे पुरी पाहता पाहता काळी पडते. आमच्या पहिल्या सहा पुऱ्या कोळसा झाल्या. सातवी साधली. तिचा वास उग्र असतो, काहींना तो सोसत नाही. पण चव खजुराच्या आणि मनुकेच्या मधली कुठली तरी, आणि मागे किंचित कडसर. कोरडी फुले भाजून तिळांबरोबर कुटली तर लाडूही वळता येतो. आमच्या कुटुंबाला पुरीपेक्षा तो अधिक पसंत पडला.

मोह म्हटला की शहरातल्या माणसाला दारूच आठवते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. त्या वादात मी शिरत नाही. एवढेच म्हणतो की, दारूच्या नावाखाली हे फूल अन्न आहे ही गोष्ट झाकली गेली. 'जंगल बुक'चा दुसरा भाग निघाला १८९५ साली. लगेच १८९६-९७ साली आणि पुन्हा १८९९-१९०० साली मध्यप्रांतात दोन भयंकर दुष्काळ पडले. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. पिके बुडाली तेव्हा रानाजवळच्या माणसांनी मोहफुले, कंद आणि पाला ह्यांवर दिवस काढले. किपलिंगने दुष्काळाची चाहूल न फुललेल्या मोहातून दिली ती कल्पनेने असो की ऐकिवात आलेल्या माहितीने, पण तीत अलंकार नव्हता.

आणि आजचे काय? मार्च-एप्रिलात पहाट फुटण्यापूर्वी टोपली घेऊन बाया, पोरे, म्हातारी माणसे मोहाखाली जातात. उशीर केला तर गुरे-हरणे फुले खाऊन जातात. वाळल्या पाल्यात फुले दिसत नाहीत म्हणून कोणी झाडाखालचा पाला जाळतात, तो विस्तव कधीकधी रानात पसरतो. फूल वेचणारा माणूस वाकलेला असतो, उजेड अपुरा असतो, आणि त्याच फुलासाठी अस्वलही आलेले असते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ह्या भागांत मोहफुले किंवा तेंदूपाने वेचावयास गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. मी त्या बातम्या वाचीत होतोच. पण आमच्या स्वयंपाकघरातल्या परातीत मोह आल्यापासून त्या वाचताना पूर्वीसारखा पुढच्या पानावर जाऊ शकत नाही. आमच्या मावशींची थोरली जाऊ अस्वलाने फाडली होती. ही गोष्ट त्यांनी फुलांचे केसर काढता काढता, 'ह्या सालचा मोह पातळ आहे' असे म्हणावे तशा सुरात सांगितली.

मोहाने मळमळ झाली, ती संध्याकाळी उतरली. कंदांचे तसे नाही. पुष्कळ कथांतले ऋषी, वनवासी राजे, रानात वाट चुकलेले नायक 'कंदमुळे खाऊन' राहतात. लेखणीला हे दोन शब्द फार सोपे पडतात. मध्य भारतात बैचांदी नावाचा एक कंद आहे. तो कच्चा किंवा नुसता उकडून खाल्ला तर विषबाधा होते. रानातली माणसे त्याच्या पातळ चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकळतात, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवतात आणि दिवसचे दिवस धुऊ देतात. तेव्हा कोठे तो अन्न होतो. साध्या सुरणातही सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला व घशाला टोचतात. म्हणून आपल्या आज्या त्यात चिंच घालीत. दुर्गाबाई भागवतांसारखी विदुषी, ज्यांनी 'ऋतुचक्र' लिहिले आणि 'खमंग'सारखे खाद्यपदार्थांवरील पुस्तकही लिहिले, त्या गोंडांच्या जीवनाचा अभ्यास करण्यासाठी मध्यप्रांताच्या रानात हिंडत असता विषारी कंद खाण्यात येऊन दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांच्याइतका रानाचा व स्वयंपाकाचा जाणकार मराठीत दुसरा दाखविणे कठीण. तेथे तुमची-आमची काय कथा! म्हणून ह्या प्रकारात मी पुस्तकावर विसंबून काहीही करीत नाही, आणि श्रोत्यांनीही करू नये अशी स्पष्ट विनंती आहे. जो कंद ओळखणारे माणूस समोर नाही, तो आपल्या घरी येता कामा नये.

ह्या वाटेने जाता जाता मला आणखी एका गोष्टीने अडविले. विभूतिभूषण बंद्योपाध्याय ह्यांची 'आरण्यक' ही बंगाली कादंबरी १९३९ सालची. बिहारमधल्या रानाचा कारभार पाहावयास गेलेला एक सुशिक्षित तरुण त्या रानाची गोष्ट सांगतो. तेथील गोरगरीब चिना नावाचे बारीक धान्य खाऊन राहतात, आणि एका मेजवानीला तेच दाणे, आंबट दही व गूळ ह्यांसाठी दूरदूरची माणसे पावसात भिजत बसून राहतात. तो कारभारी हे पाहून थक्क होतो. कादंबरी वाचताना मीही थक्क झालो. आणि लगेच मनात आले, हा पदार्थ करून पाहावा!

त्याच सुमारास विलास मनोहर ह्यांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म' ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचली. मनोहर ह्यांनी हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वर्षानुवर्षे काम केले आहे, आणि ही कादंबरी भामरागडकडच्या माडिया जीवनाची आहे. त्या मुलुखात तांदळाच्या कण्यांची किंवा कोसरीसारख्या बारीक धान्याची पातळ पेज करतात, तिला जावा म्हणतात. वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात ती भरून रानात, शेतावर नेतात. आम्ही ती घरी केली. आमच्या कुटुंबाने तीत ताक घातले, जिऱ्याची फोडणी दिली, वरून कोथिंबीर भुरभुरली. उन्हाळ्याच्या दुपारी फारच सुखाची लागली. मी मावशींना मोठ्या अपेक्षेने एक पेला दिला. त्यांनी तो पिऊन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चांगली झाली. पन ह्याच्यावर तुम्ही जेवले न मंग?" मी म्हटले, "हो, जेवलो ना." त्या काही बोलल्या नाहीत. पेला मात्र विसळून जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी आणि आमचे कुटुंब, दोघांनी ठरवून दिवसभर जावाच घेतली. फोडणीशिवाय, ताकाशिवाय, नुसते मीठ घालून. दुपारी चारपर्यंत ठीक चालले. चारनंतर मला पुस्तकातली एक ओळ लागेना. संध्याकाळी दिवे लागण्याच्या सुमारास आमच्या कुटुंबाने न बोलता कणीक मळावयास घेतली आणि मीही न बोलता पाट मांडला. वॉकरबाईंनी कॉफीच्या चक्कीत गहू का दळले असावे, ते मला त्या दिवशी अधिक नीट समजले. तेवढ्याने मला माडियांची भूक कळली असे मी म्हणणार नाही. माझ्या डब्यात कणीक होती, हे मला दिवसभर ठाऊक होते.

तरीही हा नाद सोडावा असे मला वाटत नाही. आमच्या नातवाला आता मोहाचे झाड लांबून ओळखता येते. चाराचे फळ खाऊन त्याची बी फोडली की आत चारोळी निघते, आणि बासुंदीवर ती येते कोठून, हे त्याला ठाऊक झाले आहे. पिकलेले टेंभुर्णीचे फळ चिकूच्या अंगाने जाते आणि कच्चे जीभ आकसून टाकते, हे तो अनुभवाने शिकला आहे. हे त्याच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. 'जंगल बुक'मध्येही नव्हते. पण त्या पुस्तकाच्या निमित्ताने तो मावशींच्या शेजारी जाऊन बसला, आणि बाकीचे त्यांनी शिकविले.

आता ह्या उन्हाळ्यातला मोह संपला. पावसाळा लागला की कळकाचे कोवळे कोंब निघतील. त्यांना आपल्याकडे वास्ते म्हणतात. तेही तसेच खाण्याजोगे नसतात. त्यांत एक विषारी द्रव्य असते, ते सोलून, बारीक चिरून, पाणी बदलून उकळल्यावर जाते. शिवाय वास्ता तोडला म्हणजे एक बांबू कमी झाला, तेव्हा रानाच्या नियमांत राहून, आठवडी बाजारात जेवढे येईल तेवढेच घ्यावयाचे ठरले आहे. मावशींनी श्रावणात येऊन भाजी करून दाखविण्याचे कबूल केले आहे. त्या भाजीला साजेलसे पुस्तक मात्र मला अजून सापडलेले नाही. कोणा श्रोत्याला ठाऊक असल्यास त्याने व्याख्यान संपल्यावर अवश्य भेटावे.